कोलंबोमार्गे ऑस्ट्रेलिया

सारी नोकरी तारखात्यात झाल्यामुळे एक सवय कायमची जडली. कोणतीही तार हाती आली की मजकुराआधी ती कुठून, कधी सुटली आणि तिच्यावर निकडीचा शेरा काय आहे, हे मी बघतो. फेब्रुवारी १९४२ मध्ये लंडन आणि कॅनबेरा यांच्यात ज्या तारा झाल्या, त्या ऑस्ट्रेलियन सरकारने पुढे छापल्या. त्याही मी अशाच वाचत गेलो. चर्चिलच्या तारांना ‘विंच’ आणि जॉन कर्टिनच्या तारांना ‘जोहकू’ असे संकेत होते, दोघांच्या नावांतली अक्षरं जोडून केलेले. एका साम्राज्यातल्या, एकाच बाजूने लढणाऱ्या दोन पंतप्रधानांचा हा पत्रव्यवहार वाचताना अंगावर काटा येतो.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ऑस्ट्रेलियाचे तेव्हाचे पंतप्रधान मेन्झीज यांनी रेडिओवरून सांगितलं होतं, की ब्रिटन युद्धात उतरलं आहे, म्हणून ऑस्ट्रेलियाही उतरला आहे. संसदेत मतदान नाही, काही नाही. कॅनडाने निदान आठवडाभर थांबून स्वतःची घोषणा केली. दक्षिण आफ्रिकेत तर तटस्थ राहू म्हणणारे पंतप्रधान हर्टझॉग ८० विरुद्ध ६७ मतांनी हरले आणि स्मट्स आले. आयर्लंड सरळ बाजूला राहिलं. ऑस्ट्रेलियाने मात्र आपल्या डिव्हिजन उत्तर आफ्रिकेत, ग्रीसमध्ये, क्रीटमध्ये पाठवल्या. घरच्या रक्षणाची हमी काय, तर सिंगापूरचा नाविक तळ.

कर्टिन हा कामगार चळवळीतून आणि वृत्तपत्रातून वर आलेला माणूस. पहिल्या महायुद्धात सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध केला म्हणून तुरुंगात जाऊन आलेला. २७ डिसेंबर १९४१ च्या मेलबर्न हेरल्डमध्ये त्याने उघड लिहिलं, की आता आम्ही अमेरिकेकडे बघतो, आणि ब्रिटनशी असलेल्या जुन्या नात्याची त्यात आम्हाला बोच नाही. चर्चिल संतापला. जानेवारीत लंडनमध्ये सिंगापूर सोडण्याचा विचार चालल्याचं कळताच कॅनबेराहून तार गेली, की हा अक्षम्य विश्वासघात ठरेल. १५ फेब्रुवारीला सिंगापूर जपानच्या हाती पडलं आणि सुमारे पंधरा हजार ऑस्ट्रेलियन सैनिक कैद झाले. चार दिवसांनी ऑस्ट्रेलियातल्या डार्विनवर बॉम्ब पडले. दोनशेहून अधिक माणसं गेली.

याच दिवसांत सातवी ऑस्ट्रेलियन डिव्हिजन मध्यपूर्वेतून हिंदी महासागर ओलांडत परतत होती. चर्चिलला ती ब्रह्मदेशातलं रंगून वाचवायला हवी होती. कर्टिनने नकार दिला. मग रूझवेल्टनेही गळ घातली. लंडनमधला ऑस्ट्रेलियाचा स्वतःचा प्रतिनिधी अर्ल पेजसुद्धा चर्चिलच्याच बाजूने होता. कर्टिन हलला नाही.

आता २२ फेब्रुवारीची तार बघा. चर्चिल कळवतो, की तुम्ही नाही म्हणाल असं वाटलंच नव्हतं, म्हणून जहाजं तात्पुरती उत्तरेकडे वळवली आहेत. आता त्यांतली काही इतकी वर गेली आहेत, की इंधन भरल्याशिवाय ती ऑस्ट्रेलियाला पोहोचणार नाहीत. त्यात काही दिवस मिळतील, तेवढ्यात फेरविचार करा. म्हणजे दुसऱ्याचं सैन्य न विचारता वळवायचं, आणि मग नकाशा पुढे करून त्यालाच कोंडीत धरायचं. त्या जहाजांवर माणसं एकीकडे आणि अवजड सामान दुसरीकडे होतं. उतरताक्षणी लढता येईल अशी भरणीच नव्हती. कर्टिनची रोखठोक तार दुसऱ्या दिवशी गेली. चर्चिलने माघार घेतली: जहाजं कोलंबोला इंधन घेतील आणि घरी जातील. ती पोहोचेपर्यंत कर्टिनला झोप नव्हती. रात्री-रात्री तो निवासस्थानाच्या आवारात फेऱ्या मारी.

माझ्या मते कर्टिन बरोबर होता. ८ मार्चला रंगून पडलं; अर्धवट सामानानिशी उतरलेल्या त्या ब्रिगेड तिथे बळी गेल्या असत्या. त्यांतल्याच दोन पुढे न्यू गिनीत कोकोडाच्या वाटेवर लढल्या. आणि तो आडमुठा नव्हता. सहाव्या डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड त्याने सिलोनच्या रक्षणासाठी ठेवू दिल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रेलियाने, स्वतःचे कायदे करण्याची मोकळीक देणारा वेस्टमिन्स्टरचा १९३१ चा कायदा स्वीकारला आणि तो ३ सप्टेंबर १९३९ पासून लागू धरला.

पण ज्या २३ फेब्रुवारीला कर्टिनची तार सुटली, त्याच पहाटे ब्रह्मदेशात सितांग नदीवरचा पूल इंग्रज सेनापतीच्या हुकमाने उडवला गेला. सतराव्या इंडियन डिव्हिजनच्या दोन ब्रिगेड पलीकडच्या तीरावर अडकल्या. गुरखा, बलुच, डोगरा जवान हत्यारं टाकून पोहत आले; कित्येक बुडाले. त्यांच्यासाठी ‘नाही’ म्हणणारी तार करायला दिल्लीत कोण होतं? व्हाइसरॉय लिनलिथगोने हिंदुस्थानला युद्धात ओढलं ते इथल्या एकाही निवडून आलेल्या माणसाला न विचारता. त्याच मुद्द्यावर मुंबईत बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता.

सितांगनंतर महिन्याभराने ब्रिटिश मंत्री क्रिप्स दिल्लीत आले. युद्ध संपल्यावर कर्टिनच्या देशाला होता तो वसाहतीच्या स्वराज्याचा दर्जा, असा त्यांचा प्रस्ताव. युद्ध चालू असेतो मात्र संरक्षण खातं इंग्रजांकडेच. काँग्रेसने संरक्षणाचा खरा अधिकार आत्ताच मागितला. बोलणी मुख्यतः तिथेच मोडली आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात क्रिप्स परत गेले.