महत्त्वदर्शक शब्द

महत्त्वदर्शक शब्द : एखादी व्यक्ती, घटना किंवा कृती सामान्यांहून मोठी आहे, असे सांगण्यासाठी वापरली जाणारी विशेषणे, पदव्या आणि नामे. ऐतिहासिक, युगप्रवर्तक, अनन्यसाधारण, अभूतपूर्व ही विशेषणे; लोकमान्य, राष्ट्रसंत, लोकनायक या नावाआधी लागणाऱ्या पदव्या; जनक, प्रणेता, शिल्पकार, प्रवर्तक ही कर्तृत्व दाखवणारी नामे, असे त्यांचे मराठीत ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिले दोन गट एकटे उभे राहू शकतात. तिसऱ्या गटाला मात्र षष्ठीचा आधार लागतो. नुसते ‘जनक’ म्हणून भागत नाही, ‘कशाचे?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. मराठीत महत्त्वाचा खरा भार विशेषण पेलत नाही. तो या षष्ठीवर आणि तिला जोडून येणाऱ्या स्थळकाळाच्या मर्यादेवर असतो. मर्यादा टिकली की शब्द टिकतो आणि ती गळून पडली की शब्द फक्त मोठ्याने उच्चारला जातो. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद हे याचे ठळक उदाहरण आहे. या एका तालुक्याने राज्याला दोन मुख्यमंत्री दिले आणि दोघांभोवती गौरवाच्या शब्दांची दाट गर्दी जमली.

शब्दांच्या घडणीपासून सुरुवात केलेली बरी. ‘महत्’ला ‘त्व’ जोडून ‘महत्त्व’ हा शब्द झाला, म्हणून त्यात दोन त आहेत. तरीही शाळेच्या फळ्यापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत तो एका ‘त’वर भागवला जातो. ‘गौरव’ हा ‘गुरु’पासून, म्हणजे जड या अर्थाच्या शब्दापासून आला. गौरव करणे म्हणजे मुळात वजन देणे. बोलीतही हाच विचार दिसतो : वजनदार पुढारी, भारदस्त भाषण, शब्दाला वजन असणे. ‘मातब्बर’ हा अरबीतून आलेला शब्द मात्र वेगळ्या वाटेचा आहे. मुळात त्याचा अर्थ विश्वासार्ह असा होता. मोठा तो, ज्याच्यावर भरवसा ठेवता येतो, ही जाणीव त्यात होती. मराठीत तो पैशाअडक्याने मोठ्या असलेल्या माणसाला चिकटला. इंग्रजी लेखकांनाही वजनाच्या रूपकाचा मोह आहे. त्यांचा ‘मोमेंटस’ हा शब्द ज्या लॅटिन शब्दाकडे जातो, त्यात तराजूचे पारडे हलवणाऱ्या भाराची कल्पना आहे. पण इंग्रजीने एक सोय करून ठेवली आहे. इतिहासाशी संबंधित ते ‘हिस्टॉरिकल’ आणि इतिहासात नोंद व्हावी असे ते ‘हिस्टॉरिक’. मराठीत दोन्हींसाठी ‘ऐतिहासिक’ हा एकच शब्द. ‘ऐतिहासिक कागदपत्रे’ म्हणजे जुनी कागदपत्रे, तर ‘ऐतिहासिक निर्णय’ म्हणजे आज सकाळी झालेलाही असू शकतो. इंग्रजीत जो भेद शब्द करतो, तो मराठीत वाक्याला करावा लागतो. त्यामुळे कोणता निर्णय, कोणत्या साली, त्याने आधीचे काय बदलले, हे सांगितल्याशिवाय मराठीतील ‘ऐतिहासिक’ पुरा होत नाही.

आता पुसदचा दाखला. पूस नदीकाठच्या या तालुक्यातील गहुली येथे १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक यांचा जन्म झाला. त्यांनी पुसदला वकिली केली आणि पुसदचे नगराध्यक्षपदही सांभाळले. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५, म्हणजे ११ वर्षे २ महिन्यांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. राज्यात एवढा काळ त्या पदावर दुसरे कोणीही राहिलेले नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चारही कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या काळात, त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. परभणीच्या विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले आणि त्यांचा जन्मदिवस राज्यात कृषिदिन म्हणून पाळला जातो. या मजकुरात एकही गौरवाचे विशेषण नाही. तरी तो वाचून माणूस लहान वाटत नाही. ‘दीर्घकाळ मुख्यमंत्री’ यापेक्षा ‘११ वर्षे २ महिने’ अधिक बोलते, कारण तुलना वाचक स्वतःच करतो.

वसंतरावांच्या नावापुढे सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द म्हणजे ‘हरितक्रांतीचे जनक’ आणि ‘हरितक्रांतीचे प्रणेते’. हे दोन शब्द एकाच मापाचे मानून आलटूनपालटून वापरले जातात, पण ते तसे नाहीत. ‘हरितक्रांती’ हा एका इंग्रजी शब्दप्रयोगाचा अनुवाद. अमेरिकी अधिकारी विल्यम गॉड यांनी तो मार्च १९६८ मधील एका भाषणात वापरला आणि तो जगभर पसरला. त्यातील ‘क्रांती’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ पाऊल टाकणे, ओलांडणे असा आहे. ज्योतिषात आजही क्रांतिवृत्त म्हणजे सूर्याचा मार्ग. जगाच्या पातळीवर या क्रांतीचे श्रेय नॉर्मन बोरलॉग यांना दिले जाते, त्यांना १९७० चे शांततेचे नोबेल मिळाले. भारताच्या पातळीवर ते एम. एस. स्वामिनाथन यांच्याकडे जाते आणि त्या काळचे केंद्रीय कृषिमंत्री सी. सुब्रमण्यम यांचे नावही सोबत घेतले जाते. मग ‘हरितक्रांतीचे जनक वसंतराव नाईक’ असे नुसते लिहिले की एका क्रांतीला तीन-चार बाप होतात. ‘महाराष्ट्रातील’ हा एक शब्द आधी आला की भांडण मिटते. पण तो शब्द व्यासपीठावर सर्वांत आधी गळतो, कारण त्याने मोठेपणा कमी झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात उलटे घडते. मर्यादा घातलेले विधान खोडता येत नाही, मोकळे सोडलेले विधान दुसऱ्या जिल्ह्यातील कोणीही खोडू शकते.

मर्यादा घातल्यावरही ‘जनक’ आणि ‘प्रणेता’ यांत निवड करावी लागते. जनक एकच असू शकतो आणि जन्म देणे ही त्याची खूण. सीएसएच-१ हा संकरित ज्वारीचा वाण १९६४ साली प्रसारित झाला तो कृषिशास्त्रज्ञांच्या कामातून. तो शिवारात उभा केला शेतकऱ्यांनी. त्याला खेडोपाडी ‘हायब्रीड’ हेच नाव पडले आणि घराघरांत भाकरीच्या चवीवरून कुरकुर झाली तरी कणगी भरली. ‘प्रणेता’ हा शब्द प्र हा उपसर्ग आणि नी हा धातू यांपासून आला, पुढे नेणारा असा त्याचा अर्थ. नेणाऱ्याच्या मागे येणारे असतात आणि त्याच्याआधी वाट आखणारेही असू शकतात. राज्याचे प्रशासन, बियाणे, विहिरी आणि विद्यापीठे एका दिशेला वळवणाऱ्या मुख्यमंत्र्यासाठी हाच शब्द नेमका आहे. १९६५ च्या सुमारास पुण्यातील जाहीर सभेत, दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या, अशा आशयाचे त्यांचे वक्तव्य प्रसिद्ध आहे. त्या वक्तव्याचा जोर फाशीच्या उल्लेखात असल्याचे वाटते. पण तो आहे ‘दोन वर्षांत’ या मुदतीत. मुदत काढून टाका, उरते ते नुसते नाट्य.

दुसरे उदाहरण त्याच घरातले. वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव नाईक जून १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्या काळात, १९९२ साली, राज्यात स्वतंत्र जलसंधारण विभाग स्थापन झाला आणि १० मे हा त्यांचा स्मृतिदिन जलसंधारण दिन म्हणून पाळला जातो. त्यांना ‘जलक्रांतीचे जनक’ म्हटले जाते. पैनगंगेपलीकडच्या नांदेडमध्ये शंकरराव चव्हाण ‘जलसंस्कृतीचे जनक’ आहेत आणि तेही मुख्यमंत्रीच होते. पाणी तेच, पद तेच, पदवीत एका शब्दाचा फरक. दोन्ही पदव्यांमागे खरे काम आहे, पण ते काम वेगवेगळे आहे. चव्हाणांकडे मोठी धरणे आणि कालवे, नाईकांकडे बांध, नाले अडवणे आणि पाणलोटाची कामे. ‘क्रांती’ आणि ‘संस्कृती’ हे दोन शब्द हा फरक सांगत नाहीत, झाकतात. ‘जलसंधारणाला स्वतंत्र खाते देणारे मुख्यमंत्री’ हे वर्णन लांब आहे, पण ते दुसऱ्या कोणाला लावता येत नाही. महत्त्वदर्शक शब्दाची साधी कसोटी हीच : तो उचलून दुसऱ्याच्या नावापुढे ठेवला आणि काहीच बिघडले नाही, तर त्या शब्दाने काही सांगितलेलेच नव्हते.

नावाआधी लागणाऱ्या पदव्या या कसोटीतून सुटल्यासारख्या दिसतात. याच जिल्ह्यातील वणीचे माधव श्रीहरी अणे ‘लोकनायक’ होते. पुढे देशाने जयप्रकाश नारायण यांना तीच पदवी दिली. आज वणीत आणि पाटण्यात या एका शब्दाने दोन वेगळी माणसे आठवतात. इथे पदवी नावाचाच भाग झालेली असते, ती काही सिद्ध करत नाही, फक्त ओळख पटवते. ‘महाराष्ट्र केसरी’चे तसे नाही. ती आखाड्यात समोरच्याला हरवूनच मिळते, फ्लेक्स लावून मिळत नाही. ‘नाईक’ हा शब्दही मूळचा असाच. बंजारा तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. तांड्यातील तंटे मिटवणे आणि तांड्याच्या वतीने बाहेरच्यांशी बोलणे हे त्याचे काम. पदाला तांडा होता, ‘कशाचा?’ या प्रश्नाला उत्तर होते. पुढे ते आडनाव झाले. नायक, नाईक आणि प्रणेता हे तिन्ही एकाच ‘नी’ धातूची लेकरे आहेत. पुसदच्या या घराण्याचे आडनाव आणि त्याला मिळालेली पदवी असे एकमेकांचे भाऊबंद निघतात.

या विवेचनावर आक्षेप येतील आणि त्यांतील काही वजनदार आहेत. पहिला असा की गौरव हा हिशेब नाही, ती कृतज्ञता आहे. ज्याच्या आजोबांनी दुष्काळ पाहिला, तो जनक आणि प्रणेता यांतला फरक मोजत बसणार नाही, त्याने तसे बसूही नये. हे खरे आहे. १ जुलैच्या सभेतील भाषण आणि कोशातील नोंद यांची कामे वेगळी. सभेत सगळ्यांना ठाऊक असलेले पुन्हा एकत्र म्हणायचे असते. तिथे मर्यादा श्रोत्यांच्या मनात असते, म्हणून ती उच्चारावी लागत नाही. नोंद वाचणारा मात्र कदाचित पन्नास वर्षांनी, कोल्हापुरात किंवा न्यू जर्सीत बसून वाचेल. त्याच्या मनात ती मर्यादा नसते, कागदावर असेल तेवढीच त्याला मिळते.

दुसरा आक्षेप परंपरेचा. अतिशयोक्ती हा आपल्याकडे मान्य अलंकार आहे. बखरी आणि पोवाडे त्यावरच पोसले आहेत, मग आजच्या लेखकालाच काटेकोरपणा का? पण पोवाडा नीट ऐकला तर दिसते की तो विशेषणावर थांबत नाही. गड कोणता, चढाई कुठून, सोबत माणसे किती, हे शाहीर सांगतो. अतिशयोक्ती असते ती तपशिलाची, तपशिलाऐवजी ती येत नाही. शिवाय डफ वाजू लागला की श्रोत्याला कळते, आता अलंकार येणार. वर्तमानपत्राच्या बातमीत किंवा पाठ्यपुस्तकात डफ नसतो.

तिसरा आक्षेप उलट बाजूचा आणि अधिक खोल. तो म्हणतो, षष्ठी जोडली तरी ‘प्रणेता’ हा शब्द हजारोंचे श्रम एका नावावर चढवतो, मग तो वापरूच नये. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे, ती राज्यभर लागू झाली तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव, आणि १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारे हात कोणाच्याच पदवीत नाहीत. यातली टोचणी योग्य आहे. तरी उपाय शब्द टाकण्यात नाही, तो अनेकवचनात आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या चरित्रमालेचे नाव ‘महाराष्ट्राचे शिल्पकार’ असे आहे. एकाच माणसाला लावल्यावर जो शब्द दावा वाटतो, तोच माला म्हणून वाचला की वाटणी होतो. एकाचे मोठेपण कमी न करता दुसऱ्याला शेजारी जागा देता येते.

वापराच्या दृष्टीने, महत्त्व दाखवण्याची मराठीतील एक जुनी आणि निगुतीची रीत कोनशिलेवर सापडते. दगडात कोरायचे तर अक्षरागणिक छिन्नी चालवावी लागते, म्हणून तिथे काय बांधले, कोणाच्या हस्ते आणि कोणत्या तारखेला, एवढेच येते. अभूतपूर्व, अनन्यसाधारण, न भूतो न भविष्यति ही मंडळी फ्लेक्सवर राहतात, कारण तिथे अक्षर फुकट असते आणि पावसाळ्यानंतर फ्लेक्स उतरतो. कोशनोंदीला कोनशिलेची शिस्त लागते. वसंतराव नाईक यांच्याविषयी ‘महाराष्ट्रातील हरितक्रांतीचे प्रणेते’ असे लिहावे, त्यापुढे साल, वाण, विद्यापीठे मांडावीत आणि थांबावे. त्या तीन शब्दांतला ‘महाराष्ट्रातील’ हा शब्द जागा अडवणारा नाही. बाकीचे दोन त्याच्यावर उभे आहेत.