शंभर रेजिमेंटांची मोहीम
दुसऱ्या चीन-जपान युद्धात चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेने उत्तर चीनमध्ये जपानी फौजांवर केलेली सर्वांत मोठी चढाई. सेनापती फंग द-ह्वाय. जपान्यांनी लोहमार्ग, रस्ते आणि बुरूजवजा चौक्यांचे जाळे विणून गनिमांची कोंडी चालवली होती; ती फोडणे हा हेतू. २० ऑगस्ट १९४० च्या रात्री मुख्यतः शिज्याच्वांग-तायय्वान लोहमार्गावर घाला पडला. रूळ उखडायचे, स्लीपरांचा ढीग पेटवून त्यावर ते वाकवायचे, म्हणजे पुन्हा बसवता येऊ नयेत, अशी ही रीत. जिंगशिंगची कोळसा खाणही निकामी झाली. योजना बावीसेक रेजिमेंटांची होती. मोजदाद झाली तेव्हा १०५ उतरल्या होत्या. नाव त्यावरून पडले. डिसेंबरपर्यंत लढाई रेंगाळली.

जपान्यांचा सूड भयंकर होता : जाळा, मारा, लुटा. गनिमी प्रदेश आक्रसला. आपले बळ शत्रूला अकाली दाखवले, हा ठपका फंग यांच्यावर पुढे ठेवण्यात आला. त्यात लष्करी चिकित्सेपेक्षा पक्षांतर्गत राजकारणच अधिक होते. मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९७८ मध्ये, पक्षाने त्यांना निर्दोष ठरवले. या मोहिमेतील जखमींवर आघाडीजवळ शस्त्रक्रिया करणाऱ्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते.