घोड्याची पारख आणि शर्यतीचा अदमास

अश्वपरीक्षा ही महाराष्ट्राला नवी विद्या नव्हे. ज्या राज्याचा विस्तार मुळी घोड्याच्या पाठीवरून झाला, त्या राज्यात जनावर पारखणाऱ्याला मान असावा हे स्वाभाविकच होते. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा बारगीर आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा शिलेदार, या दोघांचेही दैव त्या मुक्या जनावराच्या चार पायांवर उभे असे. म्हणून भीमथडी तट्टाची छाती, खूर आणि दात पाहिले जात. आणि त्याचबरोबर अंगावरचे भोवरेही मोजले जात. अमुक जागी भोवरा असलेला घोडा धन्याला लाभतो, तमुक जागी असलेला घात करतो, अशी अश्वशास्त्राच्या जुन्या परंपरेतून आलेली समजूत होती. तीत अनुभव किती आणि शकुन किती, हे निवडून वेगळे करण्याची निकड तेव्हा कोणाला भासली नाही.

ती निकड निर्माण केली शर्यतीने. युद्धात घोड्याचा कस अनेक वर्षांत लागतो. शर्यतीत तो दोन-तीन मिनिटांत लागतो, आणि हजारो डोळ्यांदेखत लागतो. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भायखळ्याच्या माळावर इंग्रज अधिकारी आणि व्यापारी घोडे पळवू लागले. इराणी आखातातून गलबतांनी येणाऱ्या अरबी घोड्यांची मुंबई ही मोठी पेठ होती, त्यामुळे जनावरांचा तुटवडा नव्हता. पुण्याच्या लष्करात 1830 च्या सुमारास शर्यती सुरू झाल्या. पुढे 1883 च्या सुमारास मुंबईच्या शर्यती महालक्ष्मीच्या सखल जमिनीवरील मैदानात स्थिरावल्या. तेथील क्लबाने 1925 मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हे नाव घेतले आणि 1935 मध्ये त्यामागे 'रॉयल' ही पदवी लागली. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई, असा शर्यतींचा हंगाम ठरून गेला.

अडथळ्यांविना सपाट मैदानावर होणाऱ्या या शर्यतींबरोबर पारखीची नवी साधनेही आली. पहिले साधन वंशावळीचे. इंग्लंडमध्ये 1791 पासून शर्यतीच्या घोड्यांची कुळे छापील ग्रंथात नोंदली जाऊ लागली, आणि भोवऱ्याची जागा आईबापांच्या नावांनी घेतली. या साधनाचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही दाखविणारा घोडा एका मराठी संस्थानिकाचाच होता. बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड यांनी 1945 मध्ये इंग्लंडात एक शिंगरू 28,000 गिनींना विकत घेतले. त्याच वर्षीची डर्बी जिंकणाऱ्या 'दान्ते'चा हा सख्खा भाऊ. नाव ठेवले 'सयाजीराव'. 1947 मध्ये तो एक मैलाच्या टू थाउजंड गिनीजमध्ये तिसरा आला, दीड मैलाच्या डर्बीतही तिसराच आला. केवळ कुळावर भरवसा ठेवणारे हिरमुसले. परंतु त्याच वर्षी त्याने आयर्लंडची डर्बी जिंकली आणि त्याहून लांब पल्ल्याची सेंट लेजरही जिंकली. रक्त खोटे नव्हते. पण त्याला पल्ला आणि वेळ यांची जोड हवी होती.

दुसरे साधन वजनाचे. सर्वांत वेगवान घोडाच दर वेळी जिंकू लागला तर शर्यत पाहावयास कोण येणार? म्हणून चांगल्या घोड्याच्या पाठीवर अधिक वजन आणि दुबळ्याच्या पाठीवर कमी, ही हँडिकॅपची पद्धत रूढ झाली. इंग्लंडात अॅडमिरल रूस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिला शिस्त लावली. येथे पारखीचे स्वरूपच पालटते. 'कोणता घोडा श्रेष्ठ?' हा प्रश्न मागे पडतो. हँडिकॅप ठरविणाऱ्याने सगळ्यांना एका रेषेत आणण्याचा प्रयत्न केलेला असतो. त्याच्या हिशेबातून काय निसटले, हे शोधणे म्हणजे अदमास.

निसटण्यासारखे पुष्कळ असते. पुण्यास रात्रभर पाऊस झाला तर मैदान जड होते, आणि कोरड्या जमिनीवर वाऱ्यासारखा जाणारा घोडा चिखलात कष्टी होतो. म्हणून जमिनीची नरमाई मोजून तिचा आकडा जाहीर करतात. आतल्या वा बाहेरच्या बाजूची सुरुवातीची जागा, जॉकीचा हात, मागील शर्यतीनंतरची विश्रांती, यांचाही हिशेब करावा लागतो. जाणकार पहाटेच मैदानावर येऊन सरावाची दौड घड्याळ लावून पाहतात. आणि शर्यतीपूर्वी पॅडॉकमध्ये मोतद्दार घोडा फिरवू लागला की त्याच्या अंगावरचा घाम, कान आणि चाल निरखतात. तेथे जुना शिलेदार आणि नवा रेसकर यांची नजर एकच होते.

तथापि इतके साधूनही पैसा हाती येतोच असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये जोसेफ ऑलर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत सर्वांचे पैसे एका राशीत जमतात, तीतून खर्च आणि कर वजा होतात, आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. समजा, शंभर रुपये जमले आणि वीस वजा झाले. तर खेळणाऱ्यांनी मिळून वीस रुपये गमावलेच, मग घोडा कोणताही येवो. 1970 च्या दशकात 'स्क्वाँडरर' या घोड्याने 19 शर्यतींपैकी 18 जिंकल्या. पण अशा घोड्याची जीत सर्वांनाच दिसत असते, म्हणून त्याच्यावर लावलेल्या रुपयाला फळ थोडे. अदमास खरा असून भागत नाही. तो इतरांना न सुचलेला असावा लागतो.

ही विद्या की जुगार, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मद्रासच्या शर्यतींसंबंधीच्या खटल्यात 1996 मध्ये न्यायालयाने निर्णय दिला, की अश्वशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे. घोड्याची तयारी, जॉकीचे कसब आणि पैसा लावणाऱ्याचे ज्ञान यांचा विचार त्यात झाला. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय महत्त्वाचा खरा. परंतु खेळ कौशल्याचा असला, म्हणून खेळणारा प्रत्येक जण कुशल ठरत नाही. शनिवारी पगाराचे पाकीट घेऊन महालक्ष्मीस गेलेल्या आणि रिकाम्या खिशाने चाळीत परतलेल्या माणसाच्या घरी त्या भेदाचा उपयोग नव्हता. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये, ही मराठी म्हण त्या घरांना शब्दशः कळली होती.

शिलेदार घोडा पारखी तो त्यावर स्वतः बसण्यासाठी. चूक झाली तर रणांगणात त्याचाच जीव जाई, म्हणून तो आपल्या अज्ञानाशीही प्रामाणिक असे. कठड्याबाहेरून पारख करणाऱ्याने तेवढा प्रामाणिकपणा उचलला, तर पुष्कळदा त्याचा उत्तम अदमास हाच ठरेल, की ही शर्यत नुसती पाहावी.