यंत्रमाग, इचलकरंजीतील : लघुउद्योगातील तंत्रस्वीकार

विजेवर किंवा अन्य यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या विणाईच्या मागास यंत्रमाग म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी या पंचगंगेकाठच्या शहरात हा माग प्रामुख्याने लहान कारखानदारांच्या हाती राहिला आणि घरालगतच्या पडव्यांतून व पत्र्याच्या शेडमधून पसरला. लहान उद्योग नवे तंत्र कोणत्या अटींवर स्वीकारतो आणि कोणत्या टप्प्यावर अडतो, हे समजून घेण्यासाठी म्हणूनच हे शहर महत्त्वाचे ठरते.

उगम व प्रसार : इंग्लंडमध्ये एडमंड कार्टराइट यांनी 1785 मध्ये यंत्रमागाचे एकस्व मिळवले. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी बसवला. त्यांना जहागीरदार श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे प्रोत्साहन लाभले होते. माग एकेक करून विकत घेता येत असल्यामुळे आणि जुना मागही दुरुस्त करून चालवता येत असल्यामुळे, गिरणीइतके भांडवल नसलेल्या कुटुंबालाही या धंद्यात शिरता आले.

कामाची विभागणी : कापड तयार होण्याची सर्व कामे एका कारखानदाराने स्वतः करण्याची गरज येथे उरली नाही, हे या प्रसाराचे मुख्य कारण होय. उभ्या धाग्यांना, म्हणजे ताण्याला, खळ देऊन ते बीमवर गुंडाळण्याचे काम सायझिंगचे कारखाने करतात. ताण्याचा प्रत्येक धागा वहीच्या डोळ्यातून व फणीच्या दातांमधून ओवण्याचे काम वहिफणी कामगार करतात. मागाची जुळवणी व दुरुस्ती जॉबर पाहतो. ज्याच्याकडे सूत घेण्यासही पैसा नसतो, तो व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. अशा मागधारकास खर्चीवाला म्हणतात. त्याची मजुरी कापडाच्या पिकांवर, म्हणजे एका इंचात बसणाऱ्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, ठरते. या व्यवस्थेत सुताच्या भावातील चढउतारापासून खर्चीवाला बराचसा सुरक्षित राहतो, परंतु नव्या यंत्रासाठी लागणारी बचतही त्याच्या हाती क्वचितच उरते.

साधा माग व धोटाविरहित माग : साध्या मागात आडवा धागा धोट्यातील कांडीवर गुंडाळलेला असतो आणि धोटा ताण्याच्या दोन थरांमधून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फेकला जातो. कांडी संपली की कामगार माग थांबवून नवी कांडी घालतो. धागा तुटल्याचे वेळीच लक्षात आले नाही, तर कापडात दोष राहतो. धोटाविरहित मागात धोट्याऐवजी रेपिअर, म्हणजे धागा पकडून नेणारी पट्टी अथवा दांडी, किंवा हवेचा झोत वापरला जातो, धागा थेट सुताच्या मोठ्या कोनावरून, म्हणजे शंकूवरून, येतो आणि तो तुटताच माग आपोआप थांबतो. वेगातील फरक हिशेबाने स्पष्ट होतो : मिनिटाला 150 आडवे धागे टाकणारा साधा माग 52 पिकांचे कापड तासाला सुमारे 4.4 मीटर विणतो, तर मिनिटाला 600 धागे टाकणारा हवेच्या झोताचा माग तेच कापड सुमारे 17.6 मीटर विणतो. दोन्ही आकड्यांत थांबण्याचा वेळ धरलेला नाही.

स्वीकारातील अडचणी : वेग वाढला की सुतावरील ताणही वाढतो, त्यामुळे साध्या मागावर निभावणारे सूत व सायझिंग वेगवान मागावर निभावत नाही. हवेच्या झोतासाठी दाबयुक्त हवेचा संच लागतो आणि वीज खंडित झाली तरी कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेला माग केवळ अनुभवाच्या जोरावर दुरुस्त करता येत नसल्याने जॉबरला नव्याने शिकावे लागते. एक कामगार अधिक माग सांभाळू लागतो आणि कांड्या भरण्याचे काम संपते, म्हणून या बदलाची झळ प्रथम कमी मजुरीच्या कामगाराला बसते; तंत्रस्वीकाराच्या कोणत्याही आराखड्यात त्याचा विचार आधी व्हायला हवा. याउलट, कर्ज फिटलेला साधा माग मंदीत बंद ठेवला तरी मालक बुडत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. जुना माग चालू ठेवण्याचा निर्णय त्यामुळे पुष्कळदा अज्ञानातून न होता हिशेबातून झालेला असतो.

शासकीय व संस्थात्मक साहाय्य : केंद्र सरकारने 1 एप्रिल 1999 पासून तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू केली आणि तिच्याद्वारे यंत्रांसाठी घेतलेल्या कर्जावरील व्याजदरातील 5 टक्क्यांचा भार उचलला; तिच्या सुधारित स्वरूपाची मुदत 31 मार्च 2022 रोजी संपली. 1 एप्रिल 2017 पासूनच्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत साधा माग मोडीत न काढता त्याला धागा तुटताच माग थांबवणारी साधने जागेवरच बसवण्यासाठी अर्थसाहाय्य देण्यात आले. लहान मागधारकाच्या ऐपतीला ही मधली पायरी अधिक जवळची होती. इचलकरंजीत 1982 मध्ये स्थापन झालेल्या डीकेटीई संस्थेच्या महाविद्यालयामुळे वस्त्रतंत्राचे शिक्षण शहरातच उपलब्ध झाले.

मूल्यमापन : यंत्रमाग इचलकरंजीत रुजला तो सायझिंग, वहिफणी, दुरुस्ती आणि व्यापाऱ्याचे सूत यांचा आधार शेजारीच मिळाल्यामुळे. धोटाविरहित माग मात्र आधीच भांडवल व बाजारपेठ असलेल्यांकडे वेगाने गेला, कारण त्याला लागणारे चांगले सूत, अखंड वीज आणि प्रशिक्षित जॉबर खर्चीवाल्याच्या आवाक्यात नव्हते. लघुउद्योगात नवे यंत्र टिकवायचे असेल, तर अनुदानाबरोबरच या सामायिक सोयी उभ्या करणे अपरिहार्य आहे. त्यांच्याविना दिलेले कर्ज यंत्र आणते, पण लहान उद्योजकाला सावरत नाही.