उमरखाडीची एकाआड एक रांग

‘नियंत्रण गट’, ‘यादृच्छिक निवड’, ‘संमती’ हे वैद्यकीय चाचण्यांतले शब्द करोनाच्या साथीपासून घरोघर पोचले. कानाला ते कोरडे वाटतात. परंतु त्यांच्यामागचा विचार आपल्या मुंबईत, आणि तोही तुरुंगाच्या आवारात, कसा आकार घेत गेला हे पाहण्यासारखे आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग दिसला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत त्यांनी लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. धाडस म्हणून ही गोष्ट थोर खरी. पुरावा म्हणून तिचे मोल थोडे. एक माणूस वाचला तो लशीमुळे, की प्लेगाने त्याला गाठलेच नाही म्हणून, हे कोणी सांगावे?

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. १५४ कैदी लस घ्यायला पुढे आले. त्यांपैकी तिघांना त्याच दिवशी रोगाने धरले व ते दगावले. संसर्ग आधीचाच, म्हणून हाफकिनांनी त्यांना हिशेबाबाहेर ठेवले. उरलेल्या १५१ जणांत दोघे आजारी पडले, मेला कोणी नाही. न टोचलेले १७७. त्यांत बारा आजारी, सहा मृत. एकच भिंत, एकच अन्न, फरक फक्त सुईचा. हे न टोचलेले म्हणजेच ‘नियंत्रण गट’. शब्द तसा फसवाच आहे. येथे कोणी कोणाला काबूत ठेवीत नाही, ताडून पाहतो एवढेच. ‘पडताळा गट’ म्हटले असते तर अर्थ चटकन उमगला असता. आणि त्या तिघांबद्दल सांगायचे, तर आजचा संख्याशास्त्रज्ञ त्यांना इतक्या सहजी वगळू देणार नाही. त्यांना धरले की टोचलेल्यांत तीन मृत्यू होतात, आणि सहाशी त्यांचे अंतर निम्म्यावर येते.

दुसरी शंका याहून अवघड. आपण होऊन पुढे येणारे मुळातच धडधाकट किंवा सावध असतील तर? याला उत्तर १८९८ च्या आरंभी उमरखाडीच्या तुरुंगात मिळाले. कैद्यांना रांगांनी बसविले आणि एकाआड एकाला टोचले. न टोचलेल्यांत दहा आजारी व सहा मृत. टोचलेल्यांत तीन आजारी, मृत्यू नाही. निवडीतून माणसाची आवडनिवड काढून टाकण्याचा हा प्रयत्न साधा, पण मोठा अक्कलहुशारीचा होता. उणीव एवढीच, की पुढचा क्रम कोणाचा हे टोचणाऱ्याला आधीच दिसते. ती उणीव काढून टाकणारी पद्धत पुढे ब्रिटनमध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रयोगात दिसते. तेथे यादृच्छिक अंकांनी ठरवलेली वाटणी बंद लिफाफ्यांत ठेवली होती. त्याचा वृत्तान्त १९४८ मध्ये छापून आला. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ जणांपैकी ४ मेले. नुसती विश्रांती दिलेल्या ५२ पैकी १४.

राहिला शब्द संमतीचा. गजाआडचा माणूस ‘पुढे आला’ म्हणजे किती स्वेच्छेने आला? १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने माणसाची स्वखुशीची संमती ही पहिलीच अट घातली. तरीही ब्रिटनमधल्या त्या ५२ रुग्णांना आपण कोणत्या प्रयोगाचा पडताळा आहोत, हे रुग्णालयात असेपर्यंत कोणी सांगितलेले नव्हते.