गिअर लिव्हर (रोड सायकल)

गिअर लिव्हर हा रोड सायकलच्या वाकड्या हँडलवर बसवलेला, ब्रेक लावणे व गिअर बदलणे ही दोन्ही कामे करणारा जोड-लिव्हर होय. पूर्वी गिअरच्या खुंट्या चौकटीच्या तिरप्या नळीवर असत व त्यासाठी हँडलवरचा हात काढावा लागे. जपानच्या शिमानो कंपनीने १९९०च्या सुमारास दोन्ही कामे एकत्र आणली. पाठोपाठ इटलीच्या कॅम्पान्योलोने १९९२मध्ये स्वतःची रचना आणली.

बिघाडाचे कारण

लिव्हरच्या आत दातेरी चक्र, त्यात अडकणारे खटके व बारीक स्प्रिंगा असतात. फ्रीव्हीलमधील अशाच खटक्यांना सायकल दुरुस्तीच्या दुकानांत ‘कुत्रे’ म्हणतात. आतील ग्रीस काही वर्षांनी वाळून चिकट होते आणि खटका दात्यात पडत नाही. मग लिव्हर दाबला तरी ‘टक्’ असा आवाज न होता तो रिकामाच फिरतो. असा लिव्हर मोडला आहे असे समजून महागडी नवी जोडी घेतली जाते. पुष्कळदा त्याला केवळ धुण्याची गरज असते. भोसरी, मोशी, चाकण या पट्ट्यातील अवजड वाहनांची धूळ, पावसाळी दमटपणा व स्वाराचा घाम यांमुळे हा त्रास वाढतो. सायकल महिनोन्महिने उभी राहिल्यासही तो उद्भवतो.

स्वच्छता व वंगण

प्रथम ब्रेकचे पॅड, रिम वा डिस्क कापडाने झाकावी, कारण तेल लागल्यास ब्रेक निकामी होतो. रबरी आवरण मागे दुमडून, कारखान्यांत गंजलेले नट सैल करण्यासाठी वापरतात तो पातळ फवारा नळीने खटक्यांवर मारावा व लिव्हर पुन्हापुन्हा दाबावा. काळपट द्रव गळत राहतो. तो पुसत, खटके पकड घेईपर्यंत ही कृती करावी. एका खेपेत गुण न आल्यास रात्रभर मुरू द्यावे. हा फवारा सफाईपुरताच असतो. तो वाळल्यावर पातळ तेलाचे काही थेंब सोडावेत. जाड ग्रीस भरल्यास मूळ दोष परततो. द्रवचलित ब्रेकच्या लिव्हरमध्ये तेलाच्या टाकीकडे फवारा जाऊ देऊ नये. शिमानोचे लिव्हर उघडून पुन्हा जुळवणे अतिशय किचकट असते.

केबल

लिव्हरच्या तोंडाशी केबल तीव्र वळते, त्यामुळे तिचे धागे तेथेच तुटतात. तुटके धागे यंत्रणेत अडकले तर काढणे कठीण जाते. उजवी केबल पूर्ण तुटल्यास साखळी मागील सर्वांत लहान चक्रावर, म्हणजे सर्वांत जड गिअरवर येते. निगडीहून लोणावळामार्गे खोपोलीला उतरून बोरघाट चढणाऱ्या स्वाराला अशा वेळी बहुधा सायकल ढकलावी लागते. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ हा किताब याच चढावर ठरतो. गिअर उशिरा पडू लागणे ही केबल झिजल्याची पहिली खूण असते.