पंचेचाळीस, खालची तार

माझ्या मामाची एक वही माझ्याकडं आहे. दोनशे पानी, शाळेतल्या मुलांची असते तशी. बाहेर फक्त ‘गाणी’ एवढंच लिहिलंय. आत गाण्यांचे शब्द नाहीत, आकडे आहेत. ‘२-५’, ‘३-७’, ‘४-०’. मध्येच कुठं ‘४५, खालची तार’ असा शेरा. मामा गेल्यावर मामीनं ती जुन्या कागदांबरोबर रद्दीत घातली होती, मी ती मागून घेतली. त्याला आता सहा वर्षं होतील. ही वही म्हणजे रॉकच्या बास लाइन कानानं शिकणाऱ्या एका माणसाचा दफ्तरखाना आहे, हे कळायला मला त्यातली तीन वर्षं लागली.

मी शिकलेला इतिहासकार नाही. वटारमध्ये वाढलो, नोकरी केली आणि उरलेल्या वेळात गावातले जुने कागद, कबरींवरचे लेख, जमिनीचे दाखले वाचत आलो. वसई म्हटलं की १५३४ आणि १७३९ ही सालं सगळे सांगतात. पोर्तुगीज आले, चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला. पण १९७० साली वाडीतल्या केळींना पाणी सोडून आलेला एक तरुण बीटल्सच्या गाण्यातली नेमकी कोणती तार छेडत होता, हाही इतिहासच आहे, आणि त्याचा पुरावा किल्ल्याच्या दगडापेक्षा लवकर नष्ट होतो.

न ऐकू येणारं वाद्य

बास गिटारचा इतिहास लिहिताना पहिली अडचण अशी, की पुष्कळांनी हे वाद्य ऐकूनही ऐकलेलं नसतं. चार तारांच्या बासची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे ४१ कंपनं होतात. त्यावरच्या तारा ५५, ७३ आणि ९८ कंपनांच्या. घरातल्या ट्रान्झिस्टरचा तळहाताएवढा स्पीकर इतक्या खाली जाऊच शकत नाही. तरी आपल्याला सूर कळतो, कारण मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूरही निघत असतात आणि कान त्यांवरून मुळाचा अंदाज बांधतो. म्हणजे छोट्या रेडिओवर बास ऐकणारा माणूस अर्धं ऐकतो आणि अर्धं ताडतो.

हे वाद्यही तसं नवं. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला. त्याआधी हे काम उभ्या, माणसाएवढ्या डबल बासचं असे. त्याला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर हलतो. फेंडर यांनी पडदे बसवले आणि सूर अचूक मिळू लागला, म्हणून नाव ‘प्रिसिजन’.

महाराष्ट्रात तोवर काय चाललं होतं? पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस ‘द हेक्टिक्स’ नावाचा मुलांचा बँड होता. त्यात पियानोवर फारुख बलसारा, पुढं जगानं ज्यांना फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं ते. बासवर फरंग इराणी होते आणि तो बास म्हणजे चहाचं रिकामं खोकं, एक काठी आणि एक दोरी. काठी ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. त्या काळी इंग्लंडमधली पोरंही असाच बास करत. पैसे नव्हते म्हणून नव्हे, तर वाद्यच मिळत नव्हतं म्हणून माणसानं खोक्याचा बास करावा, यात मला त्या काळची सगळी हकिकत दिसते.

गाणी मात्र पोचत होती. १९५२ साली आकाशवाणीनं चित्रपटगीतांना दार लावलं आणि श्रोते रेडिओ सिलोनकडं वळले. तिथं हिंदीबरोबर इंग्रजी गाण्यांचेही कार्यक्रम असत. १९७० आणि १९७१ साली ‘सिमला बीट’ या स्पर्धेनं देशभरातले बँड मुंबईत आणले. त्यांच्या दोन लाँगप्ले तबकड्याही निघाल्या. मुंबईत हे चालू असताना मामा पहाटेच्या गाडीनं दादरच्या फुलबाजारात टोपल्या पोचवत होता आणि परतण्याआधी धोबीतलावला जाऊन दुकानांच्या काचांमधून गिटारी बघत होता. पुढं त्यानं एक जुना बास विकत घेतला. ॲम्प्लिफायर नव्हता. घरच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या रेडिओला मागं रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा होती, तिथं त्यानं बासची वायर खुपसली.

शेऱ्याचा उलगडा

आता ‘४५, खालची तार’कडं येतो. आकड्यांचा अर्थ लवकर लागला. पहिला आकडा तारेचा, दुसरा पडद्याचा. सर्वांत बारीक तार १, सर्वांत जाड ४. पण ‘कम टुगेदर’च्या पानावर सुरुवातीलाच ‘२-५’ होतं, आणि तिथं बोट ठेवलं की जो सूर निघे तो गाण्यात नव्हताच. गाणं डी सुरावर उभं. वहीत लिहिलेला सूर निघतो जी. मी ठरवून टाकलं, मामाचं चुकलं.

मग एकदा जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून आणला. त्यावर वेगाची कळ होती: १६, ३३, ४५, ७८. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ‘४५’ म्हणजे पान नव्हे, किंमत नव्हे; ती कळ. ३३ची लाँगप्ले ४५वर लावली की गाणं धावतं आणि सगळे सूर पाच अर्धस्वरांहून जरा जास्त वर चढतात. गाणाऱ्याचा आवाज पोरासारखा होतो, पण तळाशी गाडलेला बास वर येतो आणि लहान स्पीकरवरही सुटा ऐकू येतो. लीड गिटार शिकणारे नेमकं उलट करत; १६ची कळ दाबली की वेग निम्मा होतो आणि भराभर वाजलेले सूर मोजता येतात. गिटारवाल्यानं गाणं हळू करायचं, बासवाल्यानं जलद.

चढलेले पाच अर्धस्वर उतरवायचे कसे? बासच्या शेजारशेजारच्या तारांमध्ये बरोबर पाच अर्धस्वरांचंच अंतर असतं. म्हणजे ४५वर जो सूर सापडला, तोच पडदा शेजारच्या तारेवर धरला की काम झालं. मी तसं करून पाहिलं आणि सगळं आणखीच बिघडलं. कारण ‘खालची तार’ म्हणजे मी जमिनीकडची तार धरली होती. बास गळ्यात घेतला की बारीक तार खाली आणि जाड तार वर असते.

उत्तर चर्चमध्ये मिळालं. रविवारी मिसेला आमचे गायकमास्तर मुलांना सांगत होते, “तुम्ही खालचा धरा.” खालचा म्हणजे बास, चार आवाजांतला सर्वांत जाड आवाज. मामा लहानपणापासून गायकवृंदात होता. १९६३च्या डिसेंबरात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेत लोकभाषेला वाट करून दिली. त्याआधी त्यानं लॅटिन गायलं, नंतर मराठी. भाषा बदलली, पण त्याची जागा तीच राहिली, खालच्या आवाजाची. म्हणून त्याची ‘खालची तार’ म्हणजे खालच्या सुराची, जाड तार. ‘२-५’ची ‘३-५’ केली आणि डी वाजला.

माझ्या मते या वहीतला सर्वांत मोलाचा पुरावा हाच आहे. बाहेरून आलेलं वाद्य मामा रेकॉर्डवरून शिकला खरा, पण ते ऐकायचं कसं हे तो आधीच शिकून बसला होता. सगळे वरची चाल गुणगुणत असताना तळाचा सूर वेगळा काढून धरायची सवय त्याला गायकवृंदानं लावली होती.

चूक आणि दुरुस्ती

वहीत चुका आहेत, आणि त्या बोलक्या आहेत. क्वीनचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ १९८०चं. त्याची बास लाइन जॉन डीकन यांची, सगळ्यात जाड मोकळ्या तारेवर ठोके देणारी. म्हणजे ‘४-०’. वहीत मात्र ‘२-२’ आहे. सूर तोच, ई. पण एक सप्तक वर. हे गाणं मामाकडं कॅसेटवर आलं आणि कॅसेटला ४५ची युक्ती चालत नाही. त्याच्या छोट्या टेपवर ४१ कंपनांचा सूर निघतच नव्हता, ८२चा निघत होता. त्यानं जे ऐकलं ते प्रामाणिकपणे लिहिलं.

त्याखाली वेगळ्या शाईत ‘२-२’ खोडून ‘४-०’ केलंय आणि लिहिलंय: ‘लग्नात मोठ्या बॉक्सवर ऐकलं.’ मांडवात आलेल्या साउंडवाल्याच्या कपाटाएवढ्या स्पीकरसमोर उभं राहून त्यानं आपली चूक ओळखली असणार.

पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या ‘मनी’च्या पानावर प्रत्येक ओळीखाली ७ लिहिलाय आणि गिटारचा एकल तुकडा येतो तिथं ४. ते बरोबर आहे. गाणं सातांत चालतं आणि तिथं चारांत शिरतं. आपल्याकडं रूपक सात मात्रांचा असल्यानं मराठी कानाला सात परके नाहीत, पण इथले खंड वेगळे पडतात. मामानं ते कुणाला न विचारता मोजून काढलं.

इथं मला एक कबुली द्यायची आहे. पंधराएक वर्षांपूर्वी गावच्या सणाच्या कार्यक्रमात मी भाषण केलं होतं. आमच्या गावच्या बँडवाल्या पोरांनी परदेशी गाणी कच्च्या कानानं, चुकीची उचलली, असं मी त्यात हसत हसत म्हणालो. लोकही हसले. मामा दुसऱ्या रांगेत होता. तो काही बोलला नाही, घरी जाताना मला फक्त म्हणाला, “भाचे, चांगलं बोलतोस.” त्याचा कान कच्चा नव्हता, त्याचा स्पीकर लहान होता. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

नाव नसलेले

तळाचं वाजवणाऱ्याचं नाव तळाशीच राहतं, ही काही आमच्याच गावची गोष्ट नाही. अमेरिकेत मोटाउनच्या कितीतरी गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमरसन यांचा बास आहे, पण १९७१ साली मार्विन गे यांची ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ ही तबकडी येईपर्यंत वादकांची नावं वेष्टनावर येत नसत. आपल्याकडं आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांत टोनी वाझ यांचा बास लाखो लोकांनी ऐकला. नाव किती जणांना ठाऊक आहे? मुंबईत १९८४ साली ‘रॉक मशीन’ सुरू झाला, १९८८मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ ही त्यांची स्वतःच्या गाण्यांची तबकडी आली. गायक उदय बेनेगल सगळ्यांच्या लक्षात राहिले, बासवरचे मार्क सेल्विन थोड्यांच्या.

यंदा मी स्वतः बास शिकतोय. पन्नाशी उलटल्यावर बोटांना घट्टे पडायला वेळ लागतो. माझ्या भाचीच्या मोबाइलमध्ये गाणं हळू होतं, सूर तेवढाच राहतो; बाकीची वाद्यं काढून नुसता बासही ऐकता येतो. तिला ‘कम टुगेदर’ एका संध्याकाळी बसलं. तिच्याबद्दल मला असूया नाही. फक्त तिच्या शिकण्याची वही उरणार नाही.

मामाच्या वहीची मी आता स्वच्छ प्रत करतोय. भाची म्हणाली, “मामा, चुकीचे आकडे सुधारूनच लिही ना.” मी नाही म्हटलं. ‘२-२’ तसाच ठेवलाय, त्यावरची रेघ तशीच, आणि खाली ‘४-०’.